चार बटनं जास्तीची

आमच्या राइस मिलसाठी नवा पीएलसी निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की मॅडमला मोठा मान मिळाला. मान वगैरे काही नव्हता. जुना पीएलसी माझ्या हलगर्जीपणाने गेला होता, खापर दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटलं होतं, आणि खरं काय ते मिलमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं.

मिल साकोली तालुक्यातली, सानगडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. आम्ही उसना तांदूळ काढतो. म्हणजे धान आधी टाकीत गरम पाण्यात भिजत घालायचं, मग पाणी सोडून त्याला वाफ द्यायची, वाळवायचं आणि मगच भरडायचं. अशा चार टाक्या आहेत, शिडी लावून चढावं लागतं इतक्या उंच. कोणत्या टाकीत पाणी कधी भरायचं, पंप किती वेळ फिरवायचा, वाफेचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे पीएलसी ठरवतो. दिसायला तो जेवणाच्या डब्याएवढा, पण मिलचं डोकं तोच. मोटरी, पॅनल, वायरिंग आणि हा डबा सगळं माझ्या ताब्यात. मी डिप्लोमावाली. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढले, फॅक्टरीच्या बसच्या वेळेवर आमच्या घरचं घड्याळ चालायचं. वडील तिथे फिटर होते, त्यामुळे पाना आणि टेस्टर मला भातुकलीच्या आधी माहीत झाले.

एकच काम जुन्या पीएलसीकडे नव्हतं. धान पुरतं भिजलं की नाही, हे ठरवायचं. ते टाकीवाला ठरवायचा. हा सानगडीचा माणूस, बावीस वर्षं याच टाक्यांवर. सगळी मिल त्याला टाकीवाले भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणायचे. वेळ होत आली की तो शिडी चढायचा, मूठभर धान काढायचा, एक दाणा दातांनी सोलून मधोमध चावायचा आणि तुकडा उन्हाला धरून बघायचा. पोटात पांढरा ठिपका दिसला तर धान कच्चं. ठिपका गेला की खाली येऊन हाताने चाक फिरवून पाणी सोडायचा. बोलायला फटकळ, पण कामात कधी कसर नाही.

आता मूळ गोष्ट. नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे मशिनींची पूजा असते. मोटरी पुसायच्या, झेंडूचे हार घालायचे, प्रत्येक पॅनलला हळदीकुंकू लावायचं. मिलमध्ये बाई मी एकटीच, म्हणून मिलमालक सेठजींनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "मॅडम, पॅनलची पूजा तुमच्या हातानं होऊ द्या." आमच्या घरी ही पूजा नाही. दसऱ्याला आमचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर असतं. पण नोकरीच्या जागी कुंकवाच्या बोटावरून कोण वाद घालत बसणार? मी नवमीला दुपारी भराभर टिळे लावायचे आणि संध्याकाळची बस पकडून घरी जायचे. भक्ती नव्हती, घाई होती. टिळा जिथे नीट चिकटेल तिथे मी तो लावायचे. पीएलसीच्या तोंडावर खाली एक छोटा गुळगुळीत दिवा होता, तिथे तो मस्त बसायचा. तीन वर्षं मी तिथेच लावला.

तो दिवा बॅटरीचा होता. जुन्या पद्धतीच्या त्या पीएलसीत सगळा प्रोग्राम एका बॅटरीच्या जिवावर टिकून असायचा. मिलची वीज चालू आहे तोवर, किंवा थोडा वेळ लाइट गेली तरी, काही कळायचं नाही. बॅटरी संपत आली की तो दिवा लाल व्हायचा, एवढीच काय ती सूचना. दिवा लाल झालाही असेल, वर्षभरापूर्वी म्हणा, दोन वर्षांपूर्वी म्हणा. वर हळदकुंकवाचा वाळलेला थर. आणि टिळा नसता तरी काय, दरवर्षी बॅटरी बदलायचं काम माझंच होतं. तेही मी केलं नव्हतं.

पीएलसी गेला त्या वर्षापर्यंत पूजेला मशिनी बंद व्हायच्या, पण पॅनलचा मेन स्विच चालूच राहायचा. आदल्या वर्षी भाऊ ओल्या फडक्याने चालू पॅनल पुसताना मला दिसला आणि मी त्याच्यावर अशी तडकले की सगळ्या मिलने ऐकलं. मेन पाडल्याशिवाय पॅनलला हात लावायचा नाही, म्हणजे नाही, असं बजावलं. त्याने ते लक्षात ठेवलं. पुढच्या नवमीला मी निघून गेल्यावर त्याने मेन पाडला, पॅनलची खोली झाडून पुसून लख्ख केली, आणि दसऱ्याचा दिवस मिल बंदच असते म्हणून मेन तसाच ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, मेन चढवला, आणि पीएलसी उठला नाही. चालू असल्याचा हिरवा दिवा लागलाच नाही, नुसता बिघाड दाखवणारा दिवा लुकलुकत राहिला. मला आधी फ्यूजचा संशय आला. मग टेस्टरच्या टोकाने मी सहज कुंकू खरवडलं आणि खालून लाल दिवा दिसला. दोन रात्री वीज नाही, बॅटरी मेलेली, म्हणजे प्रोग्राम पुसून गेलेला. ज्या ठेकेदाराने तो लिहिला तो धंदा बंद करून कुठे गेला कुणाला ठाऊक नाही, आणि कॉपी आमच्याकडे नाही. ते मॉडेलही बाजारातून कधीचं गेलेलं.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी ओढणीच्या टोकाने तो दिवा आणि आजूबाजूचं सगळं कुंकू पुसून स्वच्छ केलं.

तेवढ्यात सेठजी आले, त्यांच्या मागे कामावर आलेले हमाल दारात गोळा झाले. नवं धान महिन्याभरात येणार होतं आणि मिल बंद, त्यामुळे त्यांचा पारा चढलेला.

"मेन कोणं पाडला होता?"

"मी पाडला जी," भाऊ म्हणाला.

"बावीस साल झाले! बावीस साल! आन् एवढी अक्कल नाही का दोन दिवस मेन बंद ठेवला तं मशीनचं काय होईन?"

भाऊने एकदा माझ्याकडे पाहिलं. मॅडम सांगतील की मीच मेन पाडायला सांगितलं होतं, असं त्याला वाटलं असणार. मी पॅनलमध्ये डोकं घालून एक वायर उगाच हलवत राहिले.

त्या दिवसापासून टाकीवाल्या भाऊचा मेनवाला भाऊ झाला. हमालांना थट्टेला विषय लागतोच. लाइट गेली की कुणीतरी ओरडायचं, "मेनवाले भाऊ, पाडला का जी?" सानगडीच्या बाजारात, पानठेल्यावरसुद्धा हे नाव त्याच्या मागे गेलं. पहिल्यांदा तो उलटून दोन शब्द सुनवायचा. मग गप्प राहू लागला, आणि फटकळ माणूस गप्प राहिलेला बघवत नाही. मिल आम्ही हातानेच अर्धीमुर्धी चालवत होतो, सगळे व्हॉल्व्ह चाकं फिरवून, आणि त्यातलं निम्मं काम तोच करत होता.

सेठजींनी मला नवा पीएलसी निवडायला सांगितलं. "असा आना का पुढचे पंधरा साल पाहाले नोको. आन् पाणी सोडाचं कामही त्याच्याकडेच द्या. टाकीवर मानूस कायले पायजे? भाऊले हमालीत टाकू, नाही तं घरी बसन." हे ते सहज बोलले. बावीस वर्षं दाणा पारखणारा माणूस पोती उचलणार, आणि तेही माझ्या पापाचं ओझं घेऊन.

तीन कोटेशनं आली. पहिलं एका मोठ्या कंपनीचं. वस्तू उत्तम, पण प्रोग्रामला कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याकडे, काही बिघडलं की त्यांचा माणूस पुण्याहून येणार. एकदा प्रोग्राम हरवून तोंड पोळलेलं, मी ते बाजूला ठेवलं. दुसरं आणि तिसरं नागपूरच्या एकाच डीलरचं, एक लहान साइजचा पीएलसी आणि एक त्याहून मोठा. दोन्हींतही प्रोग्राम बॅटरीशिवाय टिकत होता, प्रोग्रामची कॉपी आणि पासवर्ड आमच्या हातात मिळणार होता, सुटे भाग नागपुरात होते. बॉयलरच्या बाजूच्या आमच्या खोलीतली मे महिन्यातली गरमी दोन्ही सोसतील, हेही मी कागदावर पाहून घेतलं.

डीलरचा सेल्स इंजिनियर चुणचुणीत होता, फक्त त्याला धान आणि तांदूळ यांतला फरक माहीत नव्हता. त्याने लहान साइजचा आग्रह धरला. "मॅडम, तुमचे चोवीस इनपुट आहेत, याला चोवीस आहेत. परफेक्ट." इनपुट म्हणजे पीएलसीचे कान. टाकी भरली का, पंप फिरतो का, वाफेचा दाब किती, हे ज्या तारांवरून त्याला कळतं त्या चोवीस होत्या. पाणी सोडायला तो टायमर लावणार होता. अमुक तास झाले की व्हॉल्व्ह आपोआप उघडला.

"मला अठ्ठावीस लागतील," मी म्हटलं.

"चार कशाला?"

"चार टाक्यांना चार बटनं. बटन दाबल्याशिवाय पाणी सुटायचं नाही."

"अहो, टायमर आहे ना!"

मग मी त्याला धानावर भाषण दिलं. यंदाचं धान आणि गेल्या वर्षीचं धान एकाच वेळात भिजत नाही. जाड आणि बारीक वाणाची तऱ्हा वेगळी. थंडीत पाणी लवकर निवतं. पावसात भिजून आलेलं धान आधीच अर्धं फुगलेलं असतं. टायमरला यातलं काही कळत नाही, म्हणून शेवटचा शब्द माणसाचा हवा. हे सगळं खरंच होतं. सेठजींपुढेही मी हेच बोलले. चार बटनांपायी मोठा साइज घ्यायचा म्हणून ते कुरकुरले, पण उसन्याच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला होता, कच्च्या धानाची कनकी, म्हणजे तुकडा, किती निघते हे त्यांना मला सांगायची गरज नव्हती. "ठीक आहे, मोठा घ्या. मंग भाऊले टाकीवरच राहू द्या," असं म्हणून त्यांनी सही केली.

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला वाटलं की मी फेडलं. भाऊची जागा वाचली, मिलला चांगला पीएलसी मिळाला, आणि माझं तोंड उघडायची वेळही आली नाही. एका दगडात इतके पक्षी मारल्याचा मला अभिमानच वाटला.

पीएलसी आला, बसला, चालू झाला. नवा प्रोग्राम आम्ही तीन दिवस कोरड्या टाक्यांवर तपासला. चारही टाक्यांच्या मचाणावर, शिडी संपते तिथे, मी हिरवी बटनं बसवून घेतली, भाऊच्या हाताच्या उंचीवर. चौथ्या दिवशी पहाटेच धान भरलं. सकाळी दहाच्या सुमाराला पहिली टाकी व्हायला आली, तेव्हा मी भाऊला वर बोलावलं.

तो आला, दाणा चावून बघितला, थुंकला. पण बटनाला हात लावेना.

"दाबा ना भाऊ. धान झालं असेल तर दाबा. तुम्ही दाबल्याशिवाय पाणी सुटणार नाही, तसंच करून घेतलं मी."

"सेठजी म्हनत होते. मॅडमनं तुह्यासाठी मोठी मशीन घ्याले लावली म्हनून." तो बटनाकडे बघत होता. "काहून जी? माही दया आली?"

मी म्हटलं, दया नाही. मग मला पुढचं बोलावंच लागलं. मचाणावर आम्ही दोघंच होतो, खाली पंपाचा आवाज. मी त्याला सगळं सांगितलं. मेन पाडायचा नियम माझा, हे त्याला माहीत होतंच. बॅटरी माझी, टिळा माझा, आणि सकाळी ते कुंकू पुसणारा हातही माझा, हे त्याला माहीत नव्हतं.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो आवाज न चढवता बोलला.

"मॅडम, मले बटन कायले पायजे? टाकी गेली तं सानगडीले शेतात धानाची बांदी आहे माही. पोट भरन. पन मेनवाला मेनवाला करून राहिले ना सारे, माह्या नातवाले शाळेत चिडवून राहिले. थे तुमच्या बटनानं पुसल्या जाईन काय?"

मी टाकीतल्या धानाकडे बघू लागले.

"सेठजीनं मले साऱ्याइच्या पुढं बोललं. तुमीबी तिथंच होत्या."

एवढं बोलून तो शिडी उतरून गेला. टाकीतलं धान तसंच गरम पाण्यात. मी मचाणावर उभी राहिले आणि मला माझाच संताप आला. महिनाभर मी कोटेशनं तपासली, इनपुट मोजले, सेल्स इंजिनियरला धान शिकवलं. भाऊला काय हवं होतं ते एक वाक्य होतं, आणि त्याला ना डीलर लागत होता, ना सही.

साडेदहाला मिलमध्ये चहा होतो. ट्रक तोलायच्या काट्यापाशी हमाल, बॉयलरवाला, ड्रायव्हर सगळे बसतात, सेठजीही खुर्ची टाकून असतात. भाऊ एका कडेला उकिडवा बसला होता. मी चहा घेतला नाही.

"सेठजी, एक सांगायचं आहे, सगळ्यांसमोर," मी म्हटलं. "जुना पीएलसी भाऊंमुळे गेला नाही. त्याची बॅटरी संपली होती, ती बदलायचं काम माझं होतं, मी बदलली नाही. बॅटरीच्या दिव्यावर कुंकू लावून तो झाकला तोही मीच. आणि मेन पाडूनच पॅनल पुसायचं, हे भाऊंना मीच बजावलं होतं. त्यांनी माझं ऐकलं, एवढीच त्यांची चूक."

एका हमालाचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"मॅडम," सेठजी सावकाश म्हणाले, "हे त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

"भ्याले."

सेठजींनी मान हलवली. चांगली की वाईट, मला कळलं नाही. माझी नोकरी राहते की जाते, हेही त्या क्षणी माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याची भीती मला वाटली होती त्यापेक्षा कमी वाटली. मग हमालांतला सगळ्यात वात्रट होता तो म्हणाला, "म्हंजे मेनवाल्या मॅडम जी!" आणि सगळे खो खो हसले. सेठजीही हसले. ते हसू मला झोंबलं. भाऊने ते महिनाभर रोज सोसलं होतं.

भाऊ हसला नाही. त्याने चहा संपवला, ग्लास विसळून पालथा ठेवला, लुंगीला हात पुसत उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"चला," तो म्हणाला. "धान जास्त होऊन राहिलं. थे बटन कसं दाबाचं, दाखवा मले."